उभ्या गाडीची बॅटरी आणि सीटेक एमएक्सएस ५.० चार्जर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच. गाडी जिथे उभी असते तिथे विजेचा प्लग आहे, बॅटरी साधी लेड-ॲसिड, ईएफबी किंवा एजीएम (या दोन्ही लेड-ॲसिडच्याच सुधारित जाती) आहे आणि गाडी एका वेळी आठवडाभराहून जास्त हलत नाही, अशा सगळ्यांनी हा चार्जर जरूर घ्यावा. प्लग नसेल तर याचं अर्धं मोल तिथेच गेलं. आणि बॅटरी आधीच गेलेली असेल, तर रीकॉन्ड नावाचा मोड कितीही आशादायक वाटला तरी हे यंत्र तिला परत आणणार नाही.

चार्जरकडे वळण्याआधी बॅटरी नेमकी कशाने उतरते हे पाहायला हवं, कारण यंत्र चांगलं की वाईट हे त्यावरच ठरतं.

बहुतेकांना वाटतं की बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरते. उतरते खरी, पण फार सावकाश. आजची कॅल्शियमवाली बॅटरी २५ अंश सेल्सियसला महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के चार्ज गमावते. म्हणजे ४५ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या चार्जचं माप) बॅटरीतून महिन्याभरात फार तर दोन-सव्वादोन एएच. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो, तरीही गाडी सुरू न होण्याइतका तो मोठा नाही. खरी चोरी गाडीच करते. कुलूप लावल्यावरही सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) मेमरी, म्युझिक सिस्टिम असे सगळे थोडा थोडा करंट ओढत असतात. झोपी गेलेल्या निरोगी गाडीचा हा ओढा २० ते ५० मिलीअँपिअर असतो. ३० मिलीअँपिअर धरला तर दिवसाला ०.७२ एएच, महिन्याला साडेएकवीस. ५० धरला तर महिन्याला ३६ एएच. ४५ एएचच्या बॅटरीत मग उरतं काय? त्यात पार्किंग मोडवर ठेवलेला डॅशकॅम असेल तर २०० ते ४०० मिलीअँपिअरची भर पडते, आणि ती बॅटरी महिना सोडा, आठवडाही धड काढत नाही.

बॅटरी उतरली एवढ्यावर भागलं असतं तर पुन्हा चार्ज करून काम झालं असतं. पण उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं हे तिला जास्त मारतं. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ताजं असताना ते बारीक कणांचं असतं आणि चार्ज करताना विरघळतं. आठवडे-महिने तसंच राहिलं की त्याचे मोठे कडक स्फटिक होतात, ते विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. १२.४ व्होल्टच्या खाली बॅटरी पडून राहणं म्हणजे हे काम सुरू झालं असं समजावं.

आकडे लक्षात ठेवायचे तर एवढे पुरेत. साध्या बॅटरीला रात्रभर विश्रांती मिळाल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव, ११.८ म्हणजे रिकामी. एजीएम भरलेली असताना १२.८ ते १२.९ दाखवते. गाडी नुकतीच बंद केली असेल किंवा चार्जर आत्ताच काढला असेल तर मीटर खोटा दिलासा देतो. प्लेटांवरचा वरवरचा चार्ज उतरवायला हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग मोजा.

"आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवतो" हा उपाय सर्रास सांगितला जातो. यात हिशेब बसत नाही. सेल्फ मारायला लागणारा चार्ज क्षुल्लक असतो: २०० अँपिअर दीड सेकंद ओढले तरी ते ०.१ एएचपेक्षा कमीच. त्यामुळे सेल्फने बॅटरी रिकामी होते ही भीती वृथा आहे. अडचण भरण्याच्या बाजूला आहे. आयडलिंगला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) आपल्या क्षमतेच्या खूप खाली चालतो आणि त्यातलंही बरंचसं फ्युएल पंप, पंखा, दिवे, इंजिनची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा खाऊन टाकतात. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांनंतर करंट घ्यायलाच नाखूश असते. शेवटच्या २० टक्क्यांना तास लागतात, मग अल्टरनेटर कितीही मोठा असो. दहा मिनिटांचं आयडलिंग म्हणजे दात कोरून पोट भरणं. वर इंजिन धड गरम न झाल्यामुळे ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. त्याऐवजी आठवड्याला सलग पाऊण-एक तास रस्त्यावर चालवली तर ३० मिलीअँपिअरच्या ओढ्याचे पाच एएच बहुतांशी भरून निघतात, तेही बॅटरी मुळात जवळजवळ भरलेली असेल तर.

ज्यांना हे जमतं त्यांना चार्जरची गरज नाही. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

यंत्र काय आहे

सीटेक ही स्वीडनची कंपनी. एमएक्सएस ५.० हा १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी, कमाल ५ अँपिअर देणारा चार्जर. १.२ ते ११० एएचपर्यंत चार्ज करतो, नुसता सांभाळ करायचा असेल तर १६० एएचपर्यंत चालतो. लहान मोटारीची ३५-४५ एएच असो की मोठ्या डिझेल गाडीची ८०-९० एएच, दोन्ही यात आरामात बसतात. बांधणी आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे चालतात. पाण्यात बुडवण्यासाठी मात्र नाही. खोक्यात दोन जोडण्या येतात: चिमट्यांची आणि एम६ रिंगांची. रिंगांची जोडणी बॅटरीला कायमची बसवून ठेवायची आणि तिचं टोक बॉनेटच्या पुढच्या कडेला आणायचं, म्हणजे दर वेळी चिमटे लावायला नकोत. ज्यांच्या टर्मिनलचा बोल्ट आठ मिलिमीटरचा आहे त्यांना एम६ रिंग बसणार नाही. भोक कोरून मोठं करण्याचा उद्योग करू नका, एम८ रिंगांची जोडणी वेगळी मिळते.

बटण एकच. त्याने चार मोड बदलतात. मोटारसायकलचं चित्र असलेला मोड १४ एएचपेक्षा लहान बॅटरीसाठी, ०.८ अँपिअर आणि १४.४ व्होल्ट. मोटारीचं चित्र म्हणजे नेहमीचा मोड, ५ अँपिअर आणि १४.४ व्होल्ट. हिमकणाचं चित्र म्हणजे १४.७ व्होल्ट, हा मोड बहुतेक एजीएम बॅटऱ्यांसाठी आणि ५ अंशांखालच्या थंडीत साध्या बॅटरीसाठीही. चौथा रीकॉन्ड, जो १५.८ व्होल्टपर्यंत जातो. तापमानानुसार व्होल्टेज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय आहे, आणि कडक उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने लावून ठेवणाऱ्यांसाठी ती महत्त्वाची आहे. गरम बॅटरीला थंडीतलं व्होल्टेज देत राहिलं की पाणी उडतं आणि आतल्या जाळ्या गंजतात.

वर आठ दिवे आहेत, आठ टप्प्यांचे. पहिल्या टप्प्यात पल्स देऊन सल्फेट सोडवण्याचा प्रयत्न. दुसऱ्यात बॅटरी चार्ज घेते का याची चाचणी. तिसऱ्यात पूर्ण ५ अँपिअरने सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भरती. चौथ्यात व्होल्टेज स्थिर, करंट उतरत जातो. पाचव्यात चार्जर थोडा वेळ थांबून बॅटरी चार्ज धरून ठेवते का ते पाहतो. सहावा रीकॉन्ड, तो निवडला असेल तरच. सातवा फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच धरून ठेवणं, १३.६ व्होल्टवर, दहा दिवसांपर्यंत. आठव्यात चार्जर बाजूला होतो, लक्ष ठेवतो आणि व्होल्टेज १२.७ ला आलं की पल्स देऊन ते वर आणतो. चौथा दिवा लागला की गाडी सुरू होण्याइतका चार्ज आला, सातवा लागला की बॅटरी भरली.

उभ्या गाडीच्या दृष्टीने सगळा मुद्दा सातव्या आणि आठव्या टप्प्याचा आहे. साधा ट्रान्सफॉर्मरवाला जुना चार्जर एक अँपिअर देत असला तरी थांबत नाही. भरलेल्या बॅटरीत एक अँपिअर सतत घालत राहिलं की व्होल्टेज १५ च्या वर चढतं, पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं, सीलबंद बॅटरीत ते पुन्हा भरताही येत नाही. एका रात्रीसाठी असा चार्जर चालून जाईल. महिनाभर लावून ठेवायला नाही. एमएक्सएस ५.० महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो, कारण बॅटरी भरल्यावर तो जवळजवळ गप्प बसतो.

पाच अँपिअर कमी वाटतात का? निम्म्या उतरलेल्या ४५ एएचच्या बॅटरीत २२-२३ एएच घालायचे आहेत. तिसऱ्या टप्प्याला साधारण तीन तास, चौथ्याला त्याहून जास्त; संध्याकाळी लावलं की सकाळी सातवा दिवा दिसतो. पूर्ण रिकाम्या ९० एएचला मात्र दिवसभर धरा. तातडीने गाडी सुरू करायची असेल तर हे यंत्र कामाचं नाही, त्यासाठी जंप केबल किंवा जंप स्टार्टर.

जोडणी

लाल चिमटा पॉझिटिव्ह टर्मिनलला. काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला, बॅटरीपासून आणि पेट्रोलच्या पाइपपासून लांब. यामागे दोन कारणं आहेत. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. हा चार्जर ठिणगी न पडण्याच्या बेताने बनवलेला आहे, उलटे चिमटे लागले तरी जळत नाही, पण सवय चांगली लावून घ्यावी. दुसरं कारण आजच्या गाड्यांपुरतं: स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-सुरू करणारी सोय) असलेल्या गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. चिमटा थेट निगेटिव्हच्या खुंटावर लावला तर चार्ज सेन्सरला वळसा घालून जातो, गाडीला बॅटरी अजून अर्धीच वाटते आणि स्टार्ट-स्टॉप चालत नाही. मग मेकॅनिककडे फेरी होते, दोष काहीच नसताना. कायमची रिंग बसवतानाही निगेटिव्हची रिंग बॉडीवरच घ्या.

चिमटे आधी, भिंतीतला प्लग नंतर. काढताना उलट: आधी प्लग, मग काळा, मग लाल.

लावण्याआधी बॅटरीकडे नीट बघा. झाकणं असलेली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, पूर्ण पातळी चार्ज झाल्यावरच करा. उतरलेल्या बॅटरीत आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढते आणि ॲसिड बाहेर येऊन ट्रे खातं. नळाचं पाणी नको, बाटलीतलं पिण्याचं पाणीही नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आणि ॲसिड तर कधीच घालू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, झाकणं घट्ट लावूनच, कारण सोडा सेलमध्ये (बॅटरीच्या आतल्या कप्प्यात) गेला तर ॲसिड मारतो. पुसून कोरडं करा, टर्मिनल आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. बॅटरीच्या वरची ओली धूळही दोन टर्मिनलांमध्ये बारीक करंट वाहू देते, म्हणून कोरड्या फडक्याने वरचा भाग पुसणं हाही देखभालीचाच भाग आहे.

काय खटकलं

पहिली तक्रार: आकडे नाहीत. दिवे टप्पा सांगतात, व्होल्ट आणि अँपिअर सांगत नाहीत. इतक्या विचारपूर्वक बनवलेल्या यंत्रात एक छोटा डिस्प्ले असता तर बिघडलं नसतं. साधा डिजिटल मल्टिमीटर सोबत हवाच.

दुसरी गोष्ट दुधारी आहे. शेवटचा निवडलेला मोड चार्जर लक्षात ठेवतो. वीज गेली आणि परत आली तर तो त्याच मोडमध्ये पुन्हा सुरू होतो. महिनाभर लावून ठेवणाऱ्यांसाठी हे वरदान, कारण बटण दाबायला कोणी तिथे नसतं. विजेविना चार्जर बॅटरीतून जो उलटा करंट ओढतो तोही महिन्याला १ एएचच्या आत. पण याच स्मरणशक्तीमुळे एका बॅटरीवर रीकॉन्ड चालवून चार्जर काढला आणि पुढच्या वेळी न बघता एजीएमला जोडला, तर तिला १५.८ व्होल्टचा प्रसाद मिळेल. प्लग लावल्यावर कोणतं चित्र उजळलंय ते दर वेळी पाहा. शेजारच्यांना चार्जर उसना देत असाल तर परत आल्यावर नक्कीच.

तिसरी गोष्ट यंत्राची मर्यादा आहे. बॅटरीत निदान दोन व्होल्ट उरले असतील तरच चार्जर तिला ओळखतो. ही मर्यादा खरं तर उदार आहे, कितीतरी स्मार्ट चार्जर याहून बऱ्याच वरच्या व्होल्टेजला हात वर करतात. दोनच्याही खाली गेलेली बॅटरी जंप केबलने दुसऱ्या चांगल्या बॅटरीला काही मिनिटं जोडून व्होल्टेज चढवता येतं, मग चार्जर तिला स्वीकारतो. पण स्वीकारणं म्हणजे बरी होणं नव्हे.

आता रीकॉन्डबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचेच. खोलवर उतरलेल्या साध्या बॅटरीत जड ॲसिड तळाशी बसतं, वर पातळ राहतं. नेहमीचा १४.४ व्होल्टचा चार्ज ते नीट ढवळत नाही. १५.८ व्होल्टपर्यंत नेलं की बुडबुडे उठतात आणि त्यांनी ॲसिड मिसळतं. रीकॉन्डचं मुख्य काम हे. खोल डिस्चार्जनंतर आणि एरवी वर्षातून एकदा ते करावं असं कंपनीच्या पुस्तिकेतच आहे. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारं साधन) असेल तर फरक मोजता येतो: भरलेल्या बॅटरीच्या सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी १.२६५ च्या आसपास यायला हवी. पाच सेल १.२६० आणि एक १.१५० असेल तर तो सेल गेला, मोड कोणताही लावा. रीकॉन्डच्या वेळी खेळती हवा हवी, आणि इतकं व्होल्टेज गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांना द्यायचं नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. या वेळी काळा चिमटा अर्थातच खुंटावरच लागेल. एजीएम आणि जेल (ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेल्या) बॅटरीवर रीकॉन्ड नाही, पूर्णविराम. त्यांच्यात वायू बाहेर पडला की पाणी कायमचं गेलं.

विश्रांतीनंतर १०.५ व्होल्टच्या आसपास अडकलेली बॅटरी म्हणजे सहापैकी एक सेल शॉर्ट. तिच्यावर आठवडाभर चार्जर लावून ठेवण्यात अर्थ नाही. पाचव्या टप्प्यात लाल दिवा लागत असेल तर बॅटरी चार्ज धरत नाही. एकदा टर्मिनल साफ करून, गाडीतलं काही चालू नाही ना ते पाहून पुन्हा प्रयत्न करा, दुसऱ्यांदाही तसंच झालं तर नवी बॅटरी घ्या.

चार्जर झाकतो ते दोष

कायम लावलेल्या चार्जरचा एक तोटा कोणी सांगत नाही. तो मरणाऱ्या बॅटरीला आणि चोरट्या करंटला दोघांनाही पाठीशी घालतो. घरी गाडी रोज झटक्यात सुरू होते. परगावी दोन दिवस उभी राहिली की खट् असा आवाज करून गप्प. म्हणून दर तीन महिन्यांनी एक चाचणी करावी. चार्जर काढा, गाडी लॉक करून रात्रभर सोडा, सकाळी दार उघडण्याआधी मोजता आलं तर उत्तम. साध्या बॅटरीत १२.५ च्या खाली दिसलं तर काहीतरी गडबड आहे. मग मीटर टर्मिनलवर ठेवून दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. वीस अंशांच्या आसपासच्या हवेत व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे.

बॅटरी चांगली आणि तरीही उतरते, असं असेल तर ओढा मोजा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावा. निगेटिव्ह वायर सोडवण्याआधीच मीटरचं एक टोक खुंटाला आणि दुसरं वायरीच्या क्लॅम्पला धरा, मग क्लॅम्प उचला, म्हणजे पुरवठा तुटत नाही आणि गाडी जागी होत नाही. बॉनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, नाहीतर गाडीला बॉनेट उघडं दिसत राहतं. किल्ली लांब ठेवा. कीलेस गाडी जवळच्या किल्लीशी बोलत राहते. गाडी झोपायला वीस मिनिटांपासून तासभरही लागू शकतो, तोवरचा आकडा धरू नका. मीटर लावलेला असताना इग्निशन अजिबात नको, मीटरचा फ्यूज उडेल. तासानंतरही १०० मिलीअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा, कोणता काढल्यावर आकडा पडतो त्या सर्किटवर चोर आहे. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष तपासायच्या जोडणीत) कायम खोचलेली यंत्रं, बाहेरून बसवलेला अलार्म आणि ॲम्प्लिफायर, डिकीतला न विझणारा दिवा, हे नेहमीचे संशयित.

प्लगच नसेल तर

मग सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे: निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवणं. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पान्हा पुरतो. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पान्हा बॉडीला टेकला तर मोठा शॉर्ट होतो. निगेटिव्ह निघालेला असेल तर तो धोका राहत नाही. मग फक्त स्वतःचा डिस्चार्ज उरतो आणि भरलेली बॅटरी दोन-तीन महिने सहज काढते. बदल्यात घड्याळ, रेडिओचा कोड, काचांची एका दाबात वर जाण्याची सोय, आयडलिंगचं शिकलेलं सेटिंग जाऊ शकतं. रेडिओ कोड मागणारा असेल तर तो आधी शोधून ठेवा. डिकी फक्त विजेवर उघडत असेल आणि बॅटरी डिकीतच असेल तर ती मिटण्याआधी विचार करा. किल्ली गाडीत ठेवून टर्मिनल काढू नका. दर वेळी पान्हा नको असेल तर टर्मिनलवर बसणारा कट-ऑफ स्विच आहे. पितळी, जाड संपर्काचा घ्या, सैल बसणारा स्विच सेल्फच्या वेळी तापतो.

सोलर पॅनलची जाहिरात आकर्षक असते, गणित कमी. ५ वॉटचं पॅनल भर उन्हात ०.३ अँपिअर देतं. चांगलं ऊन चार तास धरलं तर १.२ एएच, म्हणजे ५० मिलीअँपिअरचा ओढा कसाबसा फिटतो. काचेमागे, तिरप्या उन्हात यातला बराच भाग जातो. गाडीवर कव्हर असेल किंवा ती तळघरात असेल तर शून्य. शिवाय लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचं पॅनल असेल तर ते सॉकेट इग्निशन बंद झाल्यावरही जिवंत राहतं का ते मीटरने बघा. अनेक गाड्यांत राहत नाही आणि पॅनल नुसतंच शोभेला चमकतं. उघड्यावर उभ्या गाडीसाठी, रात्री उलटा करंट अडवणाऱ्या डायोडसह १० वॉटचं पॅनल थेट बॅटरीला जोडलं तर उपयोग होतो.

बॅटरी काढून घरी आणून चार्ज करणं हाही मार्ग आहे. ४५ एएचची बॅटरी दहा-बारा किलोंच्या पुढे भरते, उभीच धरायची, आणि स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत चार्ज करायची नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक रात्र चार्जर लावला की पुरे. थंड फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा लाकडी पेट्यांच्या काळातला समज. प्लास्टिकच्या खोक्याला फरशीचं काही वाटत नाही.

कोणी घेऊ नये

१२ व्होल्टची लिथियम बॅटरी बसवलेल्यांनी हा मॉडेल घेऊ नये. सल्फेट सोडवणारे पल्स आणि वरचं व्होल्टेज तिच्यासाठी नाही, त्याच कंपनीचे लिथियमसाठीचे चार्जर वेगळे आहेत. २४ व्होल्टच्या गाड्यांनाही नाही. बॅटरी बदलताना गाडीची मेमरी जिवंत ठेवायला पुरवठा हवा असेल तर ती सोय यात नाही. हायब्रीड गाडीवाल्यांनी आधी पुस्तिका वाचावी: तिची १२ व्होल्टची बॅटरी बहुधा लहान आणि अनेकदा एजीएम असते, आणि गाडी रेडी स्थितीत तासभर ठेवली की मोठी बॅटरीच तिला चार्ज करते. नुसती ॲक्सेसरीवर ठेवली तर उलट उतरेल.

घेणाऱ्यांसाठी बसवणीची एक शेवटची गोष्ट. चार्जरच्या तारा बेताच्याच लांब आहेत. वाढवायच्या तर भिंतीकडची बाजू एक्स्टेंशनने वाढवा, पण तिचा जोड जमिनीवर टेकू देऊ नका. बारा व्होल्टच्या बाजूला पातळ तार जोडून लांबी वाढवली तर पाच अँपिअरला तिच्यात व्होल्टेज पडतं, चार्जरला बॅटरी भरल्यासारखी वाटते आणि ती अर्धवटच राहते. रिंगांची तार एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पंख्यापासून लांब, केबल टायने बांधून आणा. टोकाचं झाकण वापरात नसताना बंद ठेवा, कारण ते टोक बॅटरीला थेट जोडलेलं असतं. गाडी काढण्याआधी जोड सोडवायची आठवण राहावी म्हणून चार्जर लावताना स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवा. तार ओढून चाललेली गाडी पुढचा बंपर आणि भिंतीतला सॉकेट दोन्ही घेऊन जाते.